रश्श्यातल्या तंगडीपासून राजासॉरसपर्यंत : डायनासोरचं चित्र कसं काढावं

डायनासोरचं चित्र काढायला बसलेला माणूस बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी चित्र समोर ठेवतो. ते चित्रही तिसऱ्याचं बघून काढलेलं असतं, आणि पहिल्याने केलेली चूक सगळ्यांच्या वहीत उतरते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली इग्वानोडॉन या डायनासोरचे पुतळे उभे राहिले, तेव्हा त्यांच्या नाकावर शिंग बसवलं होतं. पुढे बेल्जियमच्या खाणीत अख्खे सांगाडे सापडले आणि कळलं की ते शिंग नव्हतंच, हाताच्या अंगठ्याचं टोक होतं! पुतळे अजून तिथेच आहेत, शिंगासकट. पण त्या मूर्तिकाराने निदान हाडं बघून चूक केली होती. आपणही तेवढं तरी करू.

आधी प्राणी ठरवा

टी-रेक्स नको, तो सगळेच काढतात. आपण राजासॉरस काढू, दोन पायांवर चालणारा आपल्याकडचा शिकारी डायनासोर. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली गावी १९८२ ते ८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी त्याची हाडं गोळा केली. २००३ साली त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळालं. हाती काय आहे? कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, काही मणके, कंबरेची हाडं, मागच्या पायांची आणि शेपटीची काही हाडं. चेहऱ्याचा बराचसा भाग आणि पुढचे हात नाहीत.

म्हणून तीन रंगांची पेनं घ्या. जे हाड खरोखर सापडलंय ते काळ्याने, जे भाऊबंदांकडून उसनं घेतलंय ते निळ्याने आणि जे निव्वळ आपल्या डोक्यातलं आहे ते लाल पेनाने काढायचं. कच्चं रेखाटन या तीन रंगांतच करा. पक्कं चित्र नंतर ट्रेसिंग पेपरने उतरवता येतं. आपण किती थापा मारतोय हे लाल रंग किती झालाय त्यावरून लगेच कळतं.

भाऊबंद दोन. मादागास्करचा माजुंगासॉरस, ज्याच्या कवट्या उत्तम मिळाल्या आहेत, आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस, ज्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा कातडीच्या ठशांसह मिळाला. इतक्या लांबचे नातेवाईक कसे, असं वाटेल. पण हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. भारत आणि मादागास्कर तर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकत्र होते.

माप

राजासॉरसची लांबी सुरुवातीला नऊ मीटरच्या आसपास सांगितली जात होती. २०१६ सालच्या हिशेबात ती ६.६ मीटरवर आली. एका मीटरला ५ सेंटिमीटर धरले तर चित्र ३३ सेंटिमीटरचं होतं आणि ए-थ्री कागदावर आरामात बसतं. कोपऱ्यात साडेआठ सेंटिमीटरचा माणूस काढून ठेवा, म्हणजे हात वाहवत जात नाही.

सुरुवात डोक्यापासून करू नका. मोह होतो, पण नको. कागदावर एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर कंबरेचा बिंदू ठरवा. या प्राण्याचं शरीर म्हणजे तराजू आहे: पुढे डोकं आणि छाती, मागे जाड शेपटी, मधे पाय. कंबरेच्या किंचित पुढून खाली ओळंबा सोडलात तर तो पावलावर पडला पाहिजे, नाहीतर तुमचा राजा तोंडावर आपटेल. शेपटी जमिनीला टेकवायची नाही. पाऊलखुणांच्या मागे शेपटी घासल्याची रेघ क्वचितच सापडते, त्यामुळे कांगारूसारखी बैठक आता बाद झाली आहे.

पाय: इथे वेळ घाला

सगळ्यात जास्त चित्रं पायाशी फसतात, आणि पाय शिकायला सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे चिकनचं दुकान. पंजासकट कोंबडीचा एक पाय मागून घ्या. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या. रविवारी रश्श्यात जी तंगडी आपण चोखतो ती मांडी नव्हेच, ती नडगी. मांडी तिच्या वर, अंगालगत असते. आणि लहानपणापासून आपण ज्याला ‘उलटा गुडघा’ म्हणत आलो, तो पक्ष्याचा घोटा आहे. त्याखालची खवल्यांची काडी म्हणजे आपल्या तळपायाची हाडं, एकत्र जुळलेली. थोडक्यात, कोंबडी आयुष्यभर चवड्यांवर चालते. राजासॉरसही तसाच चालायचा.

आता त्या पायाच्या मागच्या बाजूचा पांढरा स्नायूबंध ओढून बघा. बोटं मिटतात. दहा वेळा ओढा, दर वेळी पंजाचं एक झटपट रेखाटन करा. बोटांचे पेर कुठे वाकतात, तळाच्या गाद्या कुठे आहेत, नखं जमिनीला किती टेकतात, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा इथे नीट दिसतं. पुढची तीन बोटं तशीच घ्या. मागचं चौथं बोट मात्र लहान करून वर सरकवा, ते जमिनीला टेकत नसे. शहामृगाचं पाऊल वापरू नका, त्याला दोनच बोटं असतात.

मग सकाळी एखाद्या तळ्याकाठी किंवा माळावर जा आणि टिटवी बघा. ती चार पावलं पळते, थबकते, पुन्हा पळते. उचललेल्या पायाची बोटं मिटतात, टेकताना उघडतात. बगळा हेच सावकाश करून दाखवतो, नवशिक्यांसाठी तोच बरा.

इथे एक खड्डा आहे, मीही त्यात पडलोय. पक्ष्याची मांडी जवळपास आडवी असते आणि ती जशीच्या तशी डायनासोरला लावली की चित्र चुकतं. पक्ष्यांची लांब, जड शेपटी गेली, तसा वजनाचा तोल पुढे सरकला आणि मांडी आडवी झाली. चिलीमधल्या संशोधकांनी तर कोंबड्यांना लहानपणापासून मागे काठीची खोटी शेपटी बांधून वाढवलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं: शेपटीवाल्या कोंबड्या मांडी अधिक उभी ठेवून चालत होत्या. तेव्हा घोट्याखालचं सगळं टिटवीकडून घ्या, मांडी मात्र उभी करा. आणि तिच्या मागून शेपटीच्या बुडाकडे जाणारा स्नायू चांगला जाडजूड दाखवा.

डोकं, हात, मांस

कपाळावर नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून झालेला एकच बुटका उंचवटा काढा. तो काळ्या पेनाने, कारण तो सापडलेला आहे. आखूड, उंच थोबाड माजुंगासॉरसकडून निळ्याने घ्या. दात ओठांबाहेर लटकवू नका. २०२३ सालच्या एका अभ्यासाने या कुळातल्या शिकाऱ्यांचे दात घोरपडीसारखे ओठांआड झाकलेले असावेत असं मांडलं आहे, आणि मला ते पटतं.

हात कार्नोटॉरसकडून, म्हणजे हास्यास्पद वाटतील इतके छोटे, कोपराखाली जवळजवळ काहीच नाही. हसू आलं तरी मोठे करायचे नाहीत.

मांस भरताना हात आखडू नका. हाडांवर नुसती कातडी ताणली की प्राणी उपाशी दिसतो. पिसं काढलेलं घुबड मनात आणा: लांब मान, काटकुळं अंग. त्या सांगाड्यावरून गुबगुबीत घुबड कुणाला सुचलं असतं?

कातडी आणि रंग

पक्षीप्रेमींची इथे थोडी निराशा होईल. १९९६ साली चीनमध्ये पिसासारख्या तंतूंचा सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर जाहीर झाला, आणि २०१० मध्ये रंगकणांच्या खुणांवरून त्याची तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटीही कळली. राजासॉरसच्या बाबतीत असा पुरावा नाही, आणि कार्नोटॉरसच्या ठशांत नुसते खवले आहेत. म्हणून पिसं नकोत. मोठे खवले मगरीसारखे रांगेत न मांडता विखरून टाका. मोठ्यात मोठा साधारण साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या मापात फक्त तीन मिलिमीटर. बाकीची कातडी पेन्सिलच्या नुसत्या खरखरीत पोतावर सोडून द्या.

रंग पूर्णपणे लाल पेनाच्या खात्यातला, म्हणून विचार करून चोरी करा. अंग मातकट, पोटाकडे फिकट. कपाळाचा उंचवटा मात्र कोंबड्याच्या तुऱ्यासारखा किंवा धनेशाच्या चोचीवरच्या शिंगासारखा भडक केलात तर मी हरकत घेणार नाही.

मागचा देखावा

माझ्या पहिल्या चित्रात राजासॉरसच्या मागे झकास सह्यकडे होते. सगळं मुसळ केरात! ही हाडं लॅमेटा नावाच्या खडकाच्या ज्या थरांत मिळतात ते दख्खनच्या बेसाल्टच्या खालचे. ज्या लाव्हातून सह्याद्री कोरला गेला तो त्यांच्यावर नंतर पसरला. वड-पिंपळही नकोत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनासोरच्या शेणाचे जे जीवाश्म मिळाले, त्यांत ताडवर्गीय, सूचिपर्णी झाडं आणि चक्क गवताचे कण निघाले. २००५ साली ते जाहीर होईपर्यंत डायनासोरच्या चित्रात गवत म्हणजे चूक मानलं जाई. तेव्हा गवताचे चार-सहा झुबके काढा, पण कुरण नको. जागा उरली तर सानाजेह काढा: गुजरातेतच डायनासोरच्या घरट्यात, अंड्याशेजारी वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप सापडला आहे.

चित्र झालं की पाठीमागे काळं, निळं, लाल अशा तीन याद्या लिहा आणि साल टाका. माझ्या भिंतीवरच्या राजासॉरसचे दात बाहेर दिसतात. मागे २०१९ लिहिलेलं आहे, म्हणून तो अजून भिंतीवर आहे.