गावच्या ग्रुपवरची बातमी आणि पंचायतीला विचारायचा प्रश्न: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या ग्रुपवर खचलेल्या पुलाचा फोटो आला. खाली ओळ होती, 'आपल्या ओढ्यावरचा पूल गेला!' मीही तो आणखी दोन ग्रुपवर ढकलला. तासाभरात ओढ्यापलीकडच्या काकूंचा फोन आला. "अरे, आत्ता त्याच पुलावरून दूध घालून आले की मी!"

फोटो खरा होता, फक्त आमच्या पुलाचा नव्हता.

पहिली चूक हीच. चित्र खरं दिसलं की आपण मथळाही खरा धरतो. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांसोबत देशभर फिरलेली एक क्लिप कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेवरच्या जनजागृती फिल्ममधली होती. 'मुलांना जपा' सांगणारा शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने अशाच संशयावरून ठार मारलं. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात.

क्लिप आली की आधी व्हॉट्सॲपचा दुहेरी बाण (अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण) आहे का बघा. तो असला तर ती अनेक हातांतून आलेली असते, पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नसतं. मग दुकानाच्या पाट्या, एसटीवरचं गावाचं नाव, गाड्यांचे नंबर, शेतातलं पीक निरखा. मे महिन्यातल्या 'आजच्या' फोटोत हिरवंगार भात डोलत असेल तर काय समजायचं ते समजा. गूगल लेन्सवर टाकलं तर जुना फोटो बऱ्याचदा सापडतो. पण गावातल्या बातमीला त्या जागेजवळ राहणाऱ्याला केलेला फोनच भारी पडतो. वर्तमानपत्राच्या कात्रणावर तारीख आणि आवृत्ती नसेल तर ई-पेपरमध्ये शोधल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आता समजा बातमी खरी निघाली. रस्ता खरंच उखडलाय. ग्रुपवर सरपंचांचा उद्धार सुरू होतो, आणि इथे दुसरी चूक होते: रस्ता कोणाचा हे कुणी विचारतच नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर झाल्यापासून पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, आणि त्याचं नाव रस्त्याकडेच्या फलकावर लिहिलेलं असतं. (फलक झुडपात गेला असेल तर आधी झुडूप तोडा.)

तिसरी चूक माहितीच्या अधिकारात. पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'रस्ता इतका निकृष्ट का झाला?' उत्तर आलं, 'हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. कायदा कागद देतो, कारणमीमांसा नाही. म्हणून रस्त्याचं नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा हुकूम), मोजमाप पुस्तिका (किती काम झालं याची नोंदवही), अंतिम देयक (शेवटचं बिल) आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, नमूद असलेल्या करारनाम्याची प्रत मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्द, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. लोक इथेच कंटाळतात, आणि कार्यालयालाही ते ठाऊक असतं.

ग्रामसभेत नुसतं ओरडून येणं, ही आणखी एक. बोललेलं इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) उतरलं नाही तर ते झालंच नाही असं धरा. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या.

अर्ज न करताही एक रस्ता आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख, म्हणजे कार्यालयातले कागद, पाहता येतात. जाताना वही आणि चष्मा न्या. मोजमाप पुस्तिकेतलं अक्षर डॉक्टरांच्या वरताण असतं.