होडीत बसण्याआधी तिथी बघा

मुंबई बंदरात शिडाची लहान होडी चालवायला शिकायचं असेल, तर पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघणं. मोबाइलवरचा वाऱ्याचा अंदाज त्यानंतर. तेरा-चौदा फुटांच्या होडीवर ओढवणारे बरेचसे प्रसंग पाणी कुठल्या दिशेला चाललंय हे न बघता निघाल्यामुळे ओढवतात. मी अलिबागजवळच्या थळची. आमच्याकडे हा हिशोब शाळेच्या आधी शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि पुढची संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ छापील तक्त्यात बघून घ्या.

आता त्यात वारा मिळवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो. दहा-अकराला तो पडतो, शीड लोंबायला लागतं, आणि मग पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. त्याचा जोर दुपारी तीन ते पाच. पौर्णिमेला काय होतं बघा. वारा पडलेला असतो तेव्हाच ओहोटी लागते. सहा तासांच्या ओहोटीतलं साधारण निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं, म्हणजे तीनच्या सुमाराला ओढ सगळ्यात जास्त. उधाणाच्या दिवशी पातळी चार मीटरहून जास्त उतरते. ते सगळं पाणी कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्राँग्स दीपगृहाकडून बाहेर धावतं, आणि वारा नेमका बाहेरून आत येत असतो. वारा आणि पाणी असं भिडलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान होडीचं नाक एका लाटेतून वर येतंय तोवर दुसरीत घुसतं. नवख्या माणसाला तिथे न्यायचंच नाही.

नवमी-दशमी निवडा. भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, ओढ कमी. दुपारी एक-दीडपर्यंत ओहोटी संपते आणि त्यानंतर पाणी आणि वारा दोन्ही तुम्हाला आत आणतात. शिकायला येणाऱ्यांना रविवार हवा असतो. रविवारी चतुर्दशी आली तर मी सरळ नाही म्हणते. हिरमोड होतो, पण त्या दिवशी जेट्टीवर बसून गाठी शिकता येतात.

शरीराचं बोलू. होडी लागणं हा कमकुवतपणा नव्हे, ती कोणालाही लागते. उपाशी येऊ नका आणि मिसळ खाऊनही येऊ नका. चपाती-चटणी, केळं, खिशात आल्याची वडी. गोळी घेणार असाल तर निघण्याआधी अर्धा-एक तास घ्या, आणि ती आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, कारण काहींना तिने गाढ झोप येते. मळमळायला लागलं की होडीच्या तळाकडे, दोराकडे, मोबाइलकडे बघणं बंद. नजर लांब, क्षितिजावर किंवा पलीकडच्या डोंगरांवर. मी अशा माणसाच्या हातात सुकाणू देते. समोर बघून होडी चालवायची जबाबदारी आली की पोट बरंच शांत होतं. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला करा, एक हात होडीला घट्ट धरून. ओणवं झालेला माणूस सहज पाण्यात जातो.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. लघवीची सोय नाही म्हणून पाणी पिणं टाळू नका. मार्चच्या उन्हात चार तास पाणी न पिता बसलेली बाई चक्कर येऊन पडते, आणि लहान होडीत पडायला जागा नसते. माणशी दोन लीटर पाणी घ्या. पाणी उपसायला आपण तेलाचा प्लॅस्टिकचा डबा तिरपा कापून ठेवतोच, तसा आणखी एक फक्त लघवीसाठी ठेवा. होडीच्या मध्यावर गुडघ्यांवर बसायचं, कमरेला मोठा पंचा, बाकीच्यांनी पुढे बघायचं. पुरुषांनीही हेच करावं. काठावर उभं राहायचा हट्ट नको, तोल तिथेच जातो.

कपडे सुती, लांब बाह्यांचे. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलते. टोपीला आणि चष्म्याला दोरी हवी. पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधलेले. धक्क्याच्या दगडांवरची कालवं तळवा कापतात. शिडाचा दोर तळहाताला गुंडाळायचा नाही. लाइफ जॅकेट जेट्टीवरच घालायचं, आणि शिट्टी त्यालाच बांधलेली.

डोक्याला धोका बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या काठीचा. वारा पाठीमागून असताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप फिरलं तर ती काठी इतक्या वेगाने येते की ओरडायला वेळ मिळत नाही. पहिल्या काही महिन्यांत वारा नेमका पाठीवर घेऊच नका, थोडा तिरका ठेवा. वळायचं असेल तर वाऱ्याकडे नाक करून मोठा वळसा घ्या. वेळ लागतो, डोकं शाबूत राहतं.

होडी उलटणारच आहे, म्हणून जेट्टीजवळ मुद्दाम उलटवून सराव करा. आडवी झाली की पहिला नियम: होडी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही, ओढ तुम्हाला दुसरीकडेच नेईल. दोघांनी एकमेकांना हाक द्यायची. शिडाचे दोर मोकळे करायचे, नाक वाऱ्याकडे येईल असं बघायचं. एकाने सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर, वजन टाकायचं, दुसऱ्याने आतल्या बाजूला पाण्यात आडवं पडून राहायचं, म्हणजे होडी सरळ होताना तो आपोआप आत येतो. पूर्ण पालथी झाली तर आपल्या उथळ बंदरात डोलकाठी चिखलात रुतते. तेव्हा झटके देऊ नका, काठी मोडते. दुसऱ्या होडीची मदत घेऊन हळूहळू काढा.

चिखलात बसलात तर आधी घड्याळ बघा. ओहोटी संपायला तासभर असेल तर साधारण दोन तासांनी पुन्हा तराल. पण भरतीनंतर तासाभरातच बसलात आणि लगेच निघाला नाहीत, तर दहा तास तिथेच. म्हणून होडी टेकल्याचं जाणवताक्षणी सेंटरबोर्ड वर, शीड मोकळं, आणि वल्ह्याने आलेल्या वाटेने मागे. खाली उतरून ढकलायला जाऊ नका, गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि निघत नाही. अडकलातच तर नांगर टाका, शिडाची सावली करा, पाणी पुरवून प्या.

मोठ्या जहाजांच्या वाटेत तर थांबायचंच नाही. शिडाच्या होडीला मान असतो हे खरं, पण अरुंद वाटेतूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडवायचं नाही हाही नियमच आहे. मांडव्याच्या आणि घारापुरीच्या बोटींच्या लाटा आल्या की नाक त्यांच्याकडे तिरकं करून घ्या, आडव्या अंगावर घेऊ नका. होडी विनाकारण जड वाटली तर सुकाणूला आणि सेंटरबोर्डला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी शोधा, बहुतेक वेळा तीच असते.

निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा, आणि ती टळली तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायला सांगा. तुमचा मोबाइलही दोन पिशव्यांत गुंडाळून अंगावरच ठेवा, होडीत नको. परत आलात की आधी गोड्या पाण्याने अंग धुवा आणि कपडे बदला. ओल्या खाऱ्या कपड्यांत घरापर्यंत लोकलने गेलात तर बसायच्या जागी पुळ्या येतात. त्यावर खोबरेल तेल लावा, आणि पुळ्या बसेपर्यंत पुढची फेरी नको.