राव्हेल ऐकताना या चुका टाळा

फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलची ‘ला व्हाल्स’ ही ऑर्केस्ट्रा-रचना मी पहिल्यांदा लावली ती फोनवर, स्वयंपाकघरात, डोक्यावर पंखा गरगरत असताना. बराच वेळ काही वाजेचना. फाइल खराब असणार असं समजून मी ती पुढे सरकवली आणि थेट मधल्या वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या युरोपी नाचात, जाऊन पडले. छान वाटलं, पण त्यात एवढं काय आहे ते कळलं नाही. रात्री पंखा बंद करून हेडफोनवर तीच रचना अगदी पहिल्या सेकंदापासून ऐकली. तळाशी डबल बास थरथरत होते, इतके हळू की आधी तो आवाज आहे की आपलाच भास आहे हे ठरेना. मग ‘बसून’ (bassoon) या खर्जातल्या फुंकवाद्याचे तुटक तुकडे आले, आणि त्या धुक्यातून वॉल्ट्झचा ताल हळूहळू आकार घेऊ लागला. मॉरिस राव्हेलने 1920 मध्ये पूर्ण केलेल्या या रचनेच्या स्वरलिपीत त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे, की घुमणाऱ्या ढगांच्या फटींतून नाचणारी जोडपी दिसतात आणि ढग सावकाश विरत जातात. मी नेमके ते ढगच ओलांडून गेले होते.

राव्हेलच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. त्याच्या संगीतात वाद्यांचा रंग ही वरून केलेली सजावट नसते, तेच संगीत असतं. रंग पुसला की हाती फक्त चाल उरते.

फोनचा स्पीकर

डबल बासची सर्वांत खालची नेहमीची तार 41 हर्ट्झला वाजते. फोनचा इवलासा स्पीकर त्या पट्टीच्या जवळपासही पोचत नाही. त्यामुळे ‘ला व्हाल्स’ची सुरुवात फोनवर नुसती पुसट होत नाही, जवळजवळ नाहीशी होते. फार महागडी यंत्रणा लागते असं मुळीच नाही. कान नीट झाकणारे साधे वायरचे हेडफोन, बंद पंखा आणि शिट्टी न होणारा कुकर, एवढं पुरतं.

सुरुवातीला आवाज वाढवणं

ही चूक सगळे करतात. राव्हेलची सर्वांत प्रसिद्ध रचना ‘बोलेरो’ लावली की स्नेअर ड्रम आणि एकटी फ्लूट इतक्या हळू वाजतात, की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. शेवटी ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, झांजा आणि गाँग एकदम कोसळतात. मग घाईघाईने आवाज कमी करायचा, आणि ज्या चढावर अख्खी रचना उभी आहे तो चढच आपल्या हाताने सपाट करून टाकायचा.

उपाय सोपा आहे. आधी शेवटचा दीड मिनिट ऐका. भरभरून पण कानाला न टोचणारा आवाज तिथे ठरवा. मग सुरुवातीला या आणि शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका. ड्रम कान देऊन ऐकावा लागेल, आणि तो तसाच ऐकायचा आहे.

एवढं करूनही चढ जाणवत नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जा. सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा ठेवणारी सोय तिथे असते. काही ॲपमध्ये तिची ‘जोरात’ ही पायरी निवडली की हळू भाग वर ओढले जातात आणि जोरदार भाग दाबले जातात. राव्हेलसाठी ती बंदच ठेवा. बासचा बूस्ट आणि कृत्रिम ‘थिएटर’ घुमाराही काढून टाका.

‘तेच तेच वाजतंय’ म्हणून सोडून देणं

‘बोलेरो’ कंटाळवाणा वाटतो असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांचं निरीक्षण खरं आहे, पण ते ऐकतात चाल, आणि चाल बदलत नाही. तबल्याच्या एकल वादनात लेहरा तोच राहतो आणि तबला बदलत जातो, हे आपल्या कानाला ठाऊक आहे. इथे ठेकाही तोच आणि चालही तीच. बदलतो तो फक्त आवाजाचा रंग, म्हणून कान तिकडे वळवावा लागतो.

340 मात्रागटांच्या या रचनेत चाल अठरा वेळा येते. पहिल्यांदा फ्लूट, मग क्लॅरिनेट, तिसऱ्यांदा बसून, तोही आपल्या आवाक्याच्या अगदी वरच्या टोकाला, गळा ताणून गाणाऱ्यासारखा. पुढे सॅक्सोफोनही येतात. व्हायोलिनं इतका वेळ नुसत्या तारा छेडत साथ करतात. गजाने चाल वाजवायची पाळी त्यांच्यावर थेट तेराव्या खेपेला येते. तेरावी खेप मोजून पकडा. खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

त्याआधीची नववी खेप तर पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगी आहे. तिथे काहीतरी विचित्र वाजतं. ऑर्गनसारखं, थोडं बेसूर, कुठलं वाद्य ते ओळखूच येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोष आहे असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात हॉर्न चाल वाजवत असतो, सेलेस्टा हे घंटीसारखं वाजणारं कीबोर्ड-वाद्य तीच वरच्या सप्तकांत, आणि दोन पिकोलो (छोट्या, उंच आवाजाच्या फ्लूट) तीच चाल चक्क वेगळ्या पट्ट्यांत. हॉर्नच्या पट्टीला षड्ज मानलं तर एक पिकोलो पंचमावरून वाजतो, दुसरा गंधारावरून. तंबोरा नीट जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार आपल्याला माहीत आहे. राव्हेलने एका स्वरात दडलेले हे वरचे स्वर सुटे करून वेगवेगळ्या वाद्यांच्या हाती दिले आणि त्यांतून ऑर्केस्ट्रात नसलेलं एक वाद्य तयार केलं. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये पिकोलो हॉर्नच्या आत विरघळतात. ते सुटे, वर तरंगताना ऐकू आले तर वादकांचा तोल तरी चुकलाय किंवा तुमच्या यंत्रात उंच स्वर जास्त वाढवलेले आहेत.

वेगाला जोश समजणं

‘बोलेरो’ची रेकॉर्डिंग सुमारे 13 ते 18 मिनिटांची असतात. छापील आवृत्त्यांत मिनिटाला 72 ठोके दिसतात, म्हणजे हिशेबाने साधारण सव्वाचौदा मिनिटं. पण राव्हेलला तो त्याहून सावकाश हवा होता. 1930 मध्ये त्याने स्वतः लामुरो ऑर्केस्ट्राकडून तो रेकॉर्ड करून घेतला, तो जवळपास सोळा मिनिटांचा आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध ऑर्केस्ट्रा-संचालक तोस्कानिनीने पॅरिसमध्ये तो भरधाव वाजवला तेव्हा राव्हेलने त्याच्यापाशी उघड नाराजी व्यक्त केली. घाई केली की चढ लवकर संपतो आणि रंगांना उमलायला वेळ मिळत नाही, असं मलाही वाटतं. म्हणून पहिलं रेकॉर्डिंग निवडताना पंधरा मिनिटांच्या पुढचं घ्या.

‘सर्वोत्तम’ एकच शोधणं, आणि जुनं टाळणं

खरखर आहे म्हणून जुनी रेकॉर्डिंग सोडून देऊ नका. 1960 च्या दशकापर्यंत फ्रेंच ऑर्केस्ट्रांचा आवाज खरोखरच निराळा होता. त्यांचा बसून जर्मन बसूनपेक्षा बारीक आणि किंचित नाकातला, त्यांचे हॉर्न हलकासा कंप घेत गाणारे. राव्हेलच्या कानात हेच आवाज होते. पॅरिसच्या जुन्या कॉन्झर्व्हातुआर ऑर्केस्ट्राबरोबर संचालक आंद्रे क्लुइतांसने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली रेकॉर्डिंग ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. हा ऑर्केस्ट्रा 1967 मध्ये विसर्जित होऊन त्याच्या जागी ऑर्केस्त्र द पारी उभा राहिला. अलीकडे फ्रांस्वा-झाविए रोतने स्थापन केलेल्या ‘ले सिएक्ल’ या ऑर्केस्ट्राने त्या काळची वाद्यं पुन्हा हाती घेतली आहेत, तेही स्वच्छ आधुनिक ध्वनिमुद्रणात. दोन्हींतला बसून एकामागोमाग एक ऐकला की उरलेल्या रेकॉर्डिंगकडे बघण्याची नजरच बदलते.

‘दाफनिस ए क्लोए’चा तुकडाच ऐकणं

1912 चं हे बॅले राव्हेलची सर्वांत मोठी ऑर्केस्ट्रा-रचना, जवळपास पंचावन्न मिनिटांची. याद्यांमध्ये बहुधा ‘सुइट क्र. 2’ (मूळ रचनेतून काढलेला संच) सापडतो, तो म्हणजे फक्त शेवटचा भाग. तो सुंदरच आहे, पण त्यातला सूर्योदय आधीच्या अंधारातून चालत आल्यावर जसा अंगावर येतो तसा सुटा ऐकून येत नाही.

निवडताना तपासायची दुसरी गोष्ट म्हणजे कोरस. या गायकांना शब्दच नाहीत. ते वाद्यांसारखे निव्वळ स्वरांत वावरतात, आणि सुइटच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये ते गाळलेले असतात. 1914 मध्ये लंडनला बॅले-कंपनीचा चालक दियागिलेव्ह याने कोरसशिवाय प्रयोग लावला, तेव्हा राव्हेलने वर्तमानपत्रांना पत्र लिहून निषेध केला होता. पूर्ण रचनेसाठी माझ्या दोन निवडी: बॉस्टन सिम्फनीबरोबर संचालक शार्ल म्युंश, 1955, आणि लंडन सिम्फनीबरोबर पिएर माँतो, 1959. 1912 च्या पहिल्या प्रयोगात ऑर्केस्ट्राचं संचालन ज्याने केलं तोच हा माँतो. सत्तेचाळीस वर्षांनीही त्याच्या हातात घाई नाही.

इथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. अख्खं बॅले सलग आहे, पण ॲपमध्ये ते तुकड्यांत विभागलेलं असतं. दोन तुकड्यांमध्ये क्षणभर शांतता पडत असेल तर ‘गॅपलेस’ची सोय चालू करा. एक तुकडा दुसऱ्यात मिसळणारा ‘क्रॉसफेड’ आणि ‘शफल’ दोन्ही बंद.

नावांचाही गोंधळ होतो. राव्हेलचंच ‘तोंबो द कुपरँ’ पियानोवर सहा भागांचं आहे, ऑर्केस्ट्रात चारच. यादीत दोन भाग कमी दिसले तर ती चूक नव्हे.

शक्य असेल तर यातलं काही एकदा सभागृहात ऐका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली होतात. कार्यक्रमात राव्हेल नसला तरी चालेल. अख्खा ऑर्केस्ट्रा अगदी हळू वाजतो तेव्हा आवाज किती लहान असतो, आणि तो तसा असूनही शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हे एकदा कानात बसलं की घरी हेडफोन लावताना आवाज कुठे ठेवायचा ते हाताला आपोआप कळतं.