क्रँकचं ऑइल सील गळतंय? आधी या चुका टाळा

जुन्या गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकणारी माणसं दोन प्रकारची. एक, सकाळी पुठ्ठा ओढून डाग नेमका कुठे पडलाय ते बघणारी. दुसरी, डाग दिसला की सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, आणायला पळणारी. माझ्याकडे येतात ती बहुतेक दुसरी. नवं सील टाकलेलं असतं, महिन्याभरात गाडी परत गळत असते आणि दोष सीलच्या माथी मारून झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे जे सील मुळात नाहीच ते बदलायला निघणं. एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १४८९ सीसीचं इंजिन घ्या. आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरचं इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे इकडच्या कुठल्याही पिकल्या मिस्त्रीला ते ओळखीचं. या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, तीन मेन बेअरिंगवर फिरतो आणि त्याच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतंच. तिथे क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात. क्रँक फिरताना ते मागे आलेलं तेल परत आत ढकलतात, इंजिन थांबलं की त्यांचं कामही थांबतं. म्हणून तोंड चढाकडे करून लावलेली गाडी मागून थोडी पाझरते. खुलताबादच्या घाटात चहाला थांबलात आणि चार थेंब पडले, तर घाबरू नका. एमजीएच्या जागी आलेल्या एमजीबीला मागे ओठाचं रबरी सील मिळालं ते १९६४ च्या शेवटी, पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा. आपली गाडी कुठल्या जातीची, हे न बघता दुकानात ‘मागचं सील द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार काहीतरी देतोच.

दुसरी चूक माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची: ब्रीदर, म्हणजे इंजिनची श्वासनळी, न बघणं. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती बुजली की चेंबरमध्ये, म्हणजे क्रँकखालच्या तेलाच्या टाकीत, दाब साठतो आणि तेल जिथे जागा सापडेल तिथून निघतं, पुढून आणि मागूनही. नवंकोरं सीलही या दाबापुढे टिकत नाही.

परभणीकडून एक एमजीए आली होती. वर्षभर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. क्लच घसरतोय एवढीच तक्रार. मी खाली झोपून बघतो तर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, तळाला जे छोटं भोक असतं, ज्यात स्प्लिट पिन लोंबकळत असते, ते एम-सीलने लिंपून टाकलेलं. गाडीबरोबर आलेला पोरगा खूश. ‘काका, गळायचं बंद केलंय की! कामून टेन्शन घ्यायलाव?’

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. मागून पाझरलेलं तेल तिथून खाली पडावं, क्लचवर साचू नये म्हणून. पिन हलती राहिली की भोक मळाने बुजत नाही. याने वाटच बंद केली, सगळं तेल क्लच प्लेटने प्यायलं. गिअरबॉक्स मागे घेतला, प्लेट हातात घेतली तर पावसात भिजलेल्या चपलेसारखी काळी आणि बुळबुळीत. प्लेट गेली, मजुरी गेली, चार दिवस गेले. आणि मूळ कारण? टॅपेटच्या साईड कव्हरवरून खाली येणारी ब्रीदरची नळी. तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. तार घालून ढोसलं तेव्हा ढेकळं पडली. त्यानंतर तेल तसं गळालं नाही. सीलला हातसुद्धा लावला नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: गाडी आली की आधी ऑइल फिलरचं झाकण काढून चालू इंजिनवर तळहात धरायचा. फुत्कार जोरात लागला तर आधी ब्रीदर, मग रिंगा. सील सगळ्यात शेवटी.

गळती कुठून, तेही नीट शोधा. तेल वरून ओघळत येतं आणि बिचाऱ्या क्रँकवर आळ येतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमच्या मागचं झाकण, गॅलरीचा (इंजिनमधल्या तेलाच्या वाटेचा) प्लग, सगळे संशयित. रॉकेल मारून इंजिन स्वच्छ धुवा, पुसा, वाळवा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं चालवा. पावडरीवर ओघ उमटतो. वासावरून इंजिनचं की गिअरबॉक्सचं ओळखू म्हणणाऱ्यांनो, एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू-५० तेल पडतं, तिथे नाक कामाचं नाही.

मेन बेअरिंग ढिलं झालं म्हणून कॅप घासून बसवणारे अजून आहेत. हे करू नका. भोक अंडाकृती होतं, क्रँक मध्यावर राहत नाही, मग आट्यांना जागा कुठे कमी कुठे जास्त.

चेंबरच्या पॅकिंगला सिलिकॉनचे थर देऊ नका. आत सुटलेला तुकडा पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. कॉर्कचं पॅकिंग ताकदीने आवळू नका, फाटतं. तेल खुणेच्या वर भरू नका.

आता पुढचं सील, म्हणजे टायमिंग कव्हरचं, इंजिनच्या पुढच्या झाकणातलं. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. सील ठोकलं, कव्हरचे सगळे बोल्ट आवळले आणि वरून क्रँकची पुली सारली. कव्हर केसभर एका बाजूला बसलं होतं. सीलचा ओठ एकीकडे दबला, दुसरीकडे उचलला गेला. वाळूजला जाऊन येईपर्यंत पंख्याच्या पट्ट्याने तेल बोनेटभर शिंपडलं. कव्हरचे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, पुलीची मान तेल लावून सीलमध्ये घालायची, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं. मग आवळायचं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठ कोरडा कधीही नको.

आतल्या तेल फेकणाऱ्या चकतीवर ‘एफ’ असेल तर ती बाजू बाहेर. जुन्या कव्हरात नमद्याची रिंग असायची, नंतर रबरी सील आलं. दोघांच्या चकत्या वेगळ्या, अदलाबदल केली की गळती ठरलेली.

आणि पुलीच्या मानेवर नख फिरवून बघा. नख अडकलं तर जुन्या सीलने तिथे खाच पाडलीय, नवं सील बरोबर त्याच खाचेत बसणार. चिकलठाण्याच्या एखाद्या लेथवाल्याकडे जा, पातळ स्टीलची बाही चढवून घ्या. घाई असेल तर सील दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, ओठाला कोरी जागा मिळते. पॉलिश पेपरने घासून खाच जाते म्हणणाऱ्याला पेपर परत द्या.