जुना प्रोसेसर पळवताय? मग या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचे, व्हिडिओ एसी खोलीत बनतात आणि सांगलीत ते बघणारा पोरगा पत्र्याखाली बसलेला असतो. अर्धी भानगड इथेच सुरू होते.

मी इथे बोलतोय ते मुख्यतः इंटेलच्या आय५-२५००के बद्दल. २०११ सालची चिप, पण जुन्या बाजारात अजून फिरते, आणि "दादा, मशीन रिस्टार्ट होतंय" म्हणत येणारे बरेचसे हिचेच मालक असतात. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोला, म्हणजे चिप गरजेला स्वतःहून वेग वाढवते तेव्हा, ३.७. चिप दणकट आहे, त्यामुळे ती पहिल्या दिवशी सगळं सहन करते आणि नवख्याला वाटतं, आपल्याला जमलं.

थंडीत पास झालं म्हणजे झालं, असं समजणं

सांगलीतल्या विश्रामबागमधला इंजिनिअरिंगचा एक पोरगा. संक्रांतीच्या सुमारास रात्री उशिरा त्याचा स्क्रीनशॉट आला: "दादा, ४.५ स्टेबल! टेंपरेचर फक्त ७४." मी विचारलं, कॅबिनेटचं झाकण लावलंयस का? त्यावर काही उत्तर आलं नाही.

एप्रिलात तो मशीन उचलूनच घेऊन आला. दुपारी व्हिडिओ रेंडरला लावला की निळा स्क्रीन, कोड ०x१२४. तोवर त्याने विंडोज नव्याने टाकलं होतं, रॅम बदलली होती, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा नवा घेतला होता. यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं.

हिशोब सोपा आहे. कुलर प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, त्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. जानेवारीच्या रात्री खोली २२ अंशांवर होती, प्रोसेसर ७४ वर. म्हणजे हवेपेक्षा ५२ जास्त. एप्रिलच्या दुपारी तीच खोली ४० ला गेली की ५२ मिळवा आणि ९२ म्हणा. त्यात गरम झालेल्या चिपला तोच वेग सांभाळायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत काठावर पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात नापास होणारच.

कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे कुलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांत पिवळी धूळ. वडिलांचं दुकान मार्केट यार्डात, मशीन दिवसभर तिथेच असायचं. हळदीची ही धूळ साध्या धुळीपेक्षा चिवट, नुसत्या फुंकरीने निघत नाही. कुलर खोलून ब्रशने साफ केला, चिप आणि कुलरच्या मधली, सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, वेग ४.२ वर आणला, व्होल्टेज उतरवलं आणि झाकण घट्ट बसवलं. आठवड्याने विचारलं, काय रे, हळू वाटतंय का? म्हणाला, "फरकच कळत नाही." कळणार कसा? ४.५ चा आकडा मित्रांना दाखवायलाच हवा होता.

माझी सवय सांगतो. शेवटची टेस्ट एप्रिल-मेच्या दुपारी, झाकण लावून. थंडीत सेटिंग करायचंच असेल तर टेस्टमध्ये ६५ च्या वर जाऊ देत नाही, म्हणजे उन्हाळ्यात ८५ च्या आत राहतं. आणि झाकण काढून शेजारी टेबल फॅन लावून पास केलेली टेस्ट मी पास धरत नाही. खोली गार करायचा पाण्याचा कुलर कॅबिनेटवर सोडणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

व्होल्टेज ऑटोवर सोडणं

हा माझा दुसरा राग. मदरबोर्डावर एका बटणात ओव्हरक्लॉक करण्याची सोय असते आणि घाईवाल्यांना ती फार आवडते. बोर्डाला मशीन चालू राहिल्याशी मतलब, तुमच्या चिपच्या आयुष्याशी नाही. मग तो गरजेपेक्षा सढळ व्होल्टेज देतो.

उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.३ वरून ४.५ ला गेलात तर वेग सुमारे १.३६ पट. व्होल्टेज १.२ चं १.४ झालं तर त्याचीही आणखी १.३६ पट. दोन्ही मिळून उष्णता जवळजवळ १.८५ पट, आणि डोक्यावर मात्र डब्यात आलेला तोच ॲल्युमिनियमचा छोटा कुलर! त्याच्या चारपैकी एक प्लास्टिकची खिट्टी नीट बसलेली नसते, ते वेगळंच. बोर्ड बाहेर काढून मागून बघा, चारही खिट्ट्या आरपार आल्यात का.

मी व्होल्टेज हाताने टाकतो, हवेच्या कुलरवर १.३५ च्या वर जात नाही. मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) एकेकाने वाढवायचा, दर पायरीला पंधरा-वीस मिनिटं प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम चालवायचा, हार्डवेअर मॉनिटरवर तापमानाकडे नजर ठेवायची. अडखळलं की व्होल्टेज वाढवायच्या आधी एक पायरी मागे यायचं. शेवटी रात्रभराची टेस्ट. "रात्रभर कशाला, दहा मिनिटं चाललं की" असं म्हणणाऱ्यांची एक्सेल फाइल नंतर करप्ट होते, तेव्हा ते माझ्याकडेच येतात.

बाकीच्या, थोडक्यात

बेस क्लॉकला हात लावू नका. कोअर २ क्वाड क्यू६६०० च्या काळात एफएसबी, म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक, २६६ वरून ३३३ केला की २.४ चा प्रोसेसर ३ ला जायचा, ती सवय जुन्या लोकांना अजून आहे. २५००के मध्ये १०० मेगाहर्ट्झच्या त्या क्लॉकवर पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) आणि साटा (हार्ड डिस्कची जोडणी) सुद्धा चालतात. १०५ च्या पुढे नेलात की हार्ड डिस्कवरचा डेटा धोक्यात.

एच६१ चिपसेटच्या बोर्डावर मल्टिप्लायर शोधत बसू नका. पी६७, झेड६८ यांसारखा चिपसेट लागतो.

एएमडीचा एफएक्स-८३५० असेल तर प्रोसेसरआधी बोर्ड बघा. १२५ वॅटची चिप आणि व्हीआरएमवर (बोर्डावरचा, प्रोसेसरला व्होल्टेज देणारा भाग) हीटसिंक नाही, अशा बोर्डावर ओव्हरक्लॉक करूच नये.

वजनाला हलका, नावाला ५०० वॅटचा एसएमपीएस: नको.

६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. ओव्हरक्लॉक केलेलं मशीन, त्यात ग्राफिक्स कार्ड, आणि वीज गेली की यूपीएस जीव सोडतो. रात्रीची टेस्ट लावताना हे ध्यानात ठेवा.

बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या ज्या सेटिंगमध्ये हे आकडे टाकता त्याच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या बोर्डावरचा, ही सेटिंग्ज जपणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. घरचे रात्री मेन स्विच बंद करतात आणि सकाळी सगळी सेटिंग्ज मूळ जागी आलेली असतात. पोरगं घाबरून चिप गेली म्हणतं. चिपला काही झालेलं नसतं. विंडोजमधलं घड्याळ मागे गेलंय का बघा. गेलं असेल तर सेल बदला आणि फोटो बघून आकडे परत टाका.