बॅगचा की बॅगलेस? व्हॅक्यूम क्लीनर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही घर साफसफाईला काढलं होतं. पंखे झाले, माळा झाला, पलंगाखालच्या ट्रंका ओढून झाल्या. संध्याकाळी बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनरचा डबा मी गॅलरीत नेला, कचऱ्याच्या पिशवीवर धरला आणि कळ दाबली. केसांचा नि धाग्यांचा गोळा धपकन खाली पडला. त्याच्या मागोमाग पिठासारखी करडी धूळ निघाली, ती मात्र खाली गेलीच नाही. माझ्या हातांवर बसली, दोरीवरच्या टॉवेलांवर बसली आणि दारातून आत सासूबाईंच्या खुर्चीपर्यंत पोचली. त्यांना दमा आहे. त्या रात्री दोनदा पंप घ्यावा लागला.

मशीन घेतलं होतं ते त्यांच्यासाठीच. झाडूने धूळ उडते, म्हणून. पण दुकानात आम्ही एकच हिशेब केला, की दर महिन्या-दोन महिन्यांनी बॅग विकत आणत बसायला नको. धूळ बाहेर काढताना ती कुठे जाईल आणि कोणाच्या नाकात जाईल, हे विचारलंच नाही. आता मला वाटतं, बॅग की बॅगलेस हा प्रश्न मुख्यतः त्या एका मिनिटाचा आहे.

त्यानंतर इथे इंदूरच्या लोकमान्यनगरात आणि नात्यागोत्यात बरीच मशीनं उघडून पाहिली. चुका त्याच त्याच सापडतात.

बॅगलेसला खर्च नाही, असं धरून चालणं

इंदूरच्या डाळ मिलवर पत्र्याचा, खाली निमुळता होत गेलेला उंच डबा तुम्ही पाहिला असेल. त्यात हवा गरगर फिरते, फोलपटं आणि भुसा कडेला फेकला जातो, तिथून खाली घसरतो आणि हवा वरून निघून जाते. बॅगलेस मशीनमध्ये हेच घडतं. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांना ही कल्पना लाकूड कापायच्या गिरणीतला असा डबा, म्हणजे सायक्लोन, पाहून सुचली आणि घरगुती मशीन जमेपर्यंत त्यांनी 5,127 नमुने बनवले.

युक्ती चांगलीच आहे, पण ती जड कचऱ्याला लागू पडते. अगदी बारीक धूळ हवेबरोबर पुढे जाते आणि फिल्टरवर बसते. आपल्याकडे तीच जास्त. माळव्याची काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून पीठ होते आणि खिडक्या बंद असल्या तरी दुपारपर्यंत टीपॉयवर बोट फिरवलं की रेघ उमटते. म्हणून बॅगलेसचा खर्च बॅगमध्ये नसला तरी फिल्टरमध्ये असतो. फिल्टर धुवायचा, जपायचा आणि एक दिवस नवा आणायचा. आमचा दुसऱ्याच वर्षी बदलावा लागला. मशीन घेतानाच विचारा, फिल्टर वेगळा मिळतो का, कितीला मिळतो आणि इथे महाराणी रोडवर मिळतो की मागवावा लागतो. सुटा फिल्टर मिळत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

कापडी पिशवीला बॅग समजणं

ही चूक सर्वांत जास्त घरांत दिसली, आणि तीत दोष गिऱ्हाइकाचा नाही, कारण कोणी समजावून सांगतच नाही.

बॅगचं मशीन म्हणजे ज्यात कागदाची किंवा न विणलेल्या कृत्रिम कापडाची, एकदाच वापरायची पिशवी असते. ही पिशवी स्वतःच गाळणी असते. हवा तिच्या भिंतींतून पार होते, धूळ आत राहते. भरली की पुठ्ठ्याच्या कॉलरला धरून ओढायची, तोंड बंद करायचं आणि टाकून द्यायची. धुळीशी तुमची गाठच पडत नाही. बॅगचा खरा फायदा हाच.

पण आपल्या बाजारात बऱ्याच स्वस्त मशीनांत कायमची कापडी पिशवी येते. खोक्यावर तीही ‘डस्ट बॅग’च असते. ती काढायची, उलटी करायची, झटकायची. झटकताना जी धूळ उडते ती बॅगलेसच्या डब्यापेक्षाही वाईट, कारण डबा निदान टोपलीत खोल धरून अलगद उघडता येतो. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या माणसासाठी ‘बॅगवालं’ म्हणून कापडी पिशवीचं मशीन घरी आणलं, तर हेतूच फसला. काही मशीनांत दोन्ही पिशव्या बसतात. तसं असेल तर कागदी पिशव्यांची दोन पाकिटं मशीनबरोबरच घेऊन ठेवा. मॉडेल बंद झालं की पिशव्या मिळेनाशा होतात आणि मग चांगलं मशीन माळ्यावर जातं.

कागदी बॅग कापून पुन्हा वापरणं

शेजारच्या काकांनी मला त्यांची पिशवी दाखवली. तळाशी नीट कापलेली, रिकामी केलेली आणि दुमडून वर चार स्टेपल मारलेले. तिसऱ्यांदा वापरत होते. वरून पाहिलं तर पिशवी धडधाकट. उजेडात धरली तेव्हा आतली बाजू राखेसारखी एकसारखी लिंपलेली दिसली. पिशवीची छिद्रंच बुजली होती, त्यामुळे कचरा ओतून टाकला तरी हवा जायला वाट नव्हती. काका म्हणत होते, “मशीन म्हातारं झालं.” नवी पिशवी घातली आणि मशीनने गालिचाच वर उचलला. स्टेपलच्या भोकांतून गेलेली धूळ मोटरच्या आधीच्या फिल्टरवर जाडसर बसली होती, तोही बदलला.

बॅग काठोकाठ भरायची वाट पाहू नका, पाऊण भरली की बदला. आणि ‘बॅग भरली’ हा दिवा कचरा मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. पिशवी अर्धीच दिसते आहे आणि दिवा लागला, तर दिवा बिघडलेला नाही, छिद्रं बुजली आहेत. पिशवी न घालता मशीन ‘दोन मिनिटांसाठी’ चालवणं मात्र अजिबात करू नका. ती दोन मिनिटं मोटरला भोवतात.

काहीही ओढायला लावणं

दिवाळीआधी रंगारी भिंतीची पुट्टी घासतो आणि घरभर पांढरी धूळ होते. ती व्हॅक्यूमने ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. ही धूळ इतकी बारीक असते की कागदी बॅग दहा-पंधरा मिनिटांत गुदमरते. बॅगलेसचं आणखी वाईट होतं. फिल्टर पांढरा झाला म्हणून आपण तो नळाखाली धरतो, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा सिमेंटची पुट्टी पाणी लागलं की घट्ट बसते. माझ्या नणंदेच्या फिल्टरची खरोखरच वडी झाली होती, बोटाने टकटक वाजत होती. ती धूळ आधी ओल्या फडक्याने, ओल्या पोछ्यानेच काढा.

रांगोळीही दगडाचीच बारीक पूड. आणि रंगपंचमी तर आपल्याकडे होळीपेक्षा मोठी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून आलेली मुलं कपड्यांतून वाटीभर गुलाल घरात आणतात. तो कोरडा असेल तर सुपलीत गोळा करा, ओला असेल तर पुसून घ्या. व्हॅक्यूम सगळ्यांत शेवटी.

देवघरापाशी जास्त जपा. उदबत्तीची राख विझलेली दिसते, पण आत ठिणगी असू शकते. मशीनमध्ये तिला जोराचा वारा मिळतो आणि शेजारी कागद, केस, धागे असतात. धूप, हवन यांची राख मशीनने कधीच ओढू नका, दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. साध्या मशीनने पाणीही नाही. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं ड्रमचं मशीन असेल, तरी पाणी ओढण्याआधी कागदी बॅग काढून स्पंजची बाही चढवायची असते, हे विसरू नका.

पावसाळ्यात फिल्टर घाईने बसवणं

माहितीपुस्तिकेत चोवीस तास वाळवा असं लिहिलेलं असतं. ते कोरड्या हवेचं झालं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे टॉवेलही दिवसभरात वाळत नाही, तिथे जाड स्पंज कसा वाळेल? वरून कोरडा लागतो, मधे दमट असतो. कोरड्या कागदी रुमालात दाबून पाहा. रुमालाला ओल आली तर अजून वेळ आहे. मी पावसाळ्यात दोन दिवस पंख्याखाली ठेवते. ओला फिल्टर बसवला की धुळीचा चिखल होतो, आणि मशीन सुरू केल्यावर घरभर कुबट वास पसरतो. हेअर ड्रायर मारू नका, साबण लावू नका, ब्रशने घासू नका. दुसरा फिल्टर घरात असला की घाईच उरत नाही.

आणि प्रत्येक फिल्टर धुण्याजोगा नसतो. घड्या घातलेला, कागदासारखा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा, पुष्कळदा धुवायचा नसतो. त्यावर ‘धुता येतो’ असं लिहिलेलं नसेल तर अंगणात हलक्या हाताने ठोकून घ्या, तोंडाला फडकं बांधून.

वॅट आणि ‘हेपा’ या शब्दांवर भुलणं

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते, किती खेचतं ते नाही. 1400 वॅटचं मशीन अर्धा तास चालवलं तर पाऊण युनिटच्या आत वीज जाते, त्याची चिंता नको. पण जास्त वॅट म्हणजे जास्त सफाई, हा समज सोडा. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं स्वच्छच आहेत.

हेपाचं तसंच. एच 13 दर्जाचा फिल्टर सर्वांत निसटत्या आकाराचे कणही 99.95 टक्के अडवतो. ‘हेपा टाइप’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ती खात्री नाही. शिवाय फिल्टर कितीही चांगला असो, झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर उपयोग शून्य. रात्री खोलीत अंधार करून, मशीन चालू ठेवून, हवा बाहेर पडते तिथे टॉर्च आडवा धरा. झोतात कण नाचताना दिसले तर रबर सैल आहे किंवा फिल्टर नीट बसलेला नाही.

मशीन खेचत नाही, वास येतो, बंद पडतं

मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करा. प्लग काढा. बॅग किंवा डबा, मग फिल्टर पाहा. नंतर पाइप मशीनपासून सोडवा, प्लग परत लावा, मशीन सुरू करून त्याच्या तोंडाशी तळहात धरा. तिथे जोर चांगला असेल तर दोष पाइपात किंवा ब्रशात आहे. पाइप उभा धरून वरून मुलांची एक गोटी सोडा. खाली टपकली तर वाट मोकळी. अडकली तर मोजे, बोळे, प्लास्टिकचं वेष्टन असं काहीतरी आत बसलं आहे. लांब काठीने हळूच ढकला. टोकदार सळी घालू नका, पाइप फाटतो. फिरता ब्रश असेल तर त्यावर गुंडाळलेले केस कात्रीने आडवे कापून काढा.

मधेच आपोआप बंद पडलं तर घाबरू नका. हवा अडली की मोटर तापते आणि आतली सुरक्षा कळ मशीन बंद करते. तासभर थंड होऊ द्या, अडलेलं काढा, मग लावा. पुन्हापुन्हा तसंच चालू करत राहिलात तर मोटर जळते. जळका वास किंवा ठिणग्या दिसल्या तर मात्र दुरुस्तीलाच द्या. शिट्टीसारखा आवाज म्हणजे कुठेतरी फट, बहुधा पाइपाच्या जोडाला किंवा बॅगच्या कॉलरला. दुसऱ्याच मापाची ‘चालते’ म्हणून दिलेली बॅग हमखास असा आवाज करते.

मग घ्यायचं कोणतं?

घरात दमा, ॲलर्जी, लहान बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर एकदाच वापरायच्या बॅगचं मशीन घ्या आणि बॅगचा खर्च औषधाच्या खर्चात धरा. कुत्रं-मांजर असेल, केस खूप असतील आणि डबा उघड्या अंगणात रिकामा करता येत असेल, तर बॅगलेस सोयीचं. काठीसारखी बॅटरीवरची मशीनं जवळजवळ सगळी बॅगलेसच असतात आणि त्यांचा डबा अर्ध्या लिटरच्या आसपास असतो. पूर्ण घर झाडायला घेतलं तर तो मधेच रिकामा करावा लागेल. आपल्याकडे फरशी, मोझॅक, कोटा, गालिचा एखादाच. तेव्हा गालिच्याच्या महागड्या ब्रशासाठी पैसे टाकण्यापेक्षा फरशीचा मऊ केसांचा ब्रश बरोबर आहे का, ते पाहा.

आम्ही यंदा बॅगचं घेतलं. जुनं बॅगलेस ठेवलं आहे, गाडी आणि गॅलरीसाठी. त्याचा डबा आता मी असा उघडते: कचऱ्याची पिशवी डब्याभोवती गच्च धरते, हाताने तोंड आवळते, मग आतल्या आत कळ दाबते, पाच मिनिटं तशीच ठेवते, धूळ बसू देते आणि मगच डबा बाहेर काढते. सासूबाई तोवर आतल्या खोलीत, दार लावून.

भरलेली बॅग किंवा ही पिशवी ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी कारखान्यात जातो, 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा रोज 550 टनांची क्षमता होती त्याची, आणि त्यात नायलॉनचे धागे, केस, माती नकोत. आमच्याकडे ती कागदात गुंडाळून, दोरा बांधून सुक्यात जाते. गाडी सकाळी येते, म्हणून मशीनही मी आदल्या संध्याकाळीच रिकामं करते.