ओपनस्ट्रीटमॅपवर एकत्र काम करताना बोलायचं कुठे आणि कसं

ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही बदलू शकेल अशा नकाशावर खातं उघडलं की एडिट करायला वेळ लागत नाही, आयडी (iD) नावाचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो, रस्ता काढा, इमारतीचे कोपरे क्लिक करा, सेव्ह. पण २००४ पासून जगभरच्या लोकांनी मिळून हा नकाशा उभा केलाय, म्हणजे तुम्ही जी रेघ सरकवताय ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी मन लावून काढलेली असते. म्हणून माझं तर मत आहे की टॅग (म्हणजे एखादी वस्तू रस्ता आहे की शाळा हे सांगणारे शब्द) पाठ करायच्या आधी एकमेकांशी बोलायचं कसं ते शिकून घ्यावं.

सुरुवात चेंजसेट कमेंटपासून करा, चेंजसेट म्हणजे एकत्र सेव्ह केलेले तुमचे बदल. सेव्ह करताना जो चौकोन येतो त्यात बरेच जण नुसतं "अपडेट" लिहून मोकळे होतात, आता त्यावरून पुढच्याला काय कळणार? त्यापेक्षा "शाळेमागची पायवाट मुख्य रस्त्याला जोडली, काल स्वतः चालून पाहिली" असं लिहा, म्हणजे काय केलं तेही कळतं आणि कशावरून केलं तेही. चेंजसेट एका भागापुरताच ठेवा. दोन लांबच्या शहरांतले बदल एकत्र सेव्ह केले की त्याची चौकट मधला सगळा प्रदेश व्यापते आणि तिथल्या मॅपर्सना उगाच वाटतं की आपल्याकडे काहीतरी बदललंय. आणि नवीन असाल तर आयडीमध्ये सेव्ह करतानाच "माझं काम कोणीतरी तपासा" अशा अर्थाची एक टिक असते ती बिनधास्त करा, चेंजसेट तपासायच्या OSMCha नावाच्या टूलवर असे चेंजसेट शोधून बघणारे अनुभवी लोक असतात.

मी अगदी नवी असताना एका वस्तीतल्या पन्नासेक इमारती सॅटेलाइट फोटोवर नीट बसाव्यात म्हणून सरकवल्या होत्या, दोन तास लागले, पण मुळात फोटोच काही मीटर सरकलेला होता हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चेंजसेटखाली कमेंट आली, "नमस्कार, इथे मॅपिंग करताय हे बघून छान वाटलं. जीपीएस ट्रेसचा लेयर लावून पाहिला का? फोटो थोडा पूर्वेकडे गेल्यासारखा वाटतोय." ट्रेस म्हणजे लोक प्रत्यक्ष गेले त्या वाटांच्या जीपीएस नोंदी. मी लेयर लावला तर खरंच, सगळे ट्रेस जुन्या रस्त्यावरून जात होते. मग मी तिथेच उत्तर दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते परत जागेवर आणलं. त्याने आधी माझे सगळे बदल रिव्हर्ट (रद्द) करून मग चार शब्द सुनावले असते तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं, हे अगदी मनापासून सांगते.

तेव्हा दुसऱ्याची चूक दिसली की आधी विचारा, आणि उत्तरासाठी थोडे दिवस द्या, सगळे रोज लॉगिन करत नाहीत. कमेंट आली की ईमेल येतो, तो स्पॅममध्ये जात नाही ना ते बघा, कारण उत्तर न देणारा मॅपर लोकांना संशयास्पद वाटायला लागतो. मुद्दाम नासधूस चालली असेल, किंवा तेच ते बदल उलटसुलट होत असतील आणि बोलून काही होत नसेल, तर अशी भांडणं आणि नासधूस हाताळणाऱ्या ओएसएमच्या डेटा वर्किंग ग्रुपला कळवा, स्वतः भांडत बसू नका.

नोट्सचं, म्हणजे नकाशावर एखाद्या जागी ठेवलेल्या निरोपांचं, पण तसंच. "इथे चूक आहे" अशा नोटचं कोणी काहीच करू शकत नाही. "हा रस्ता आता एकेरी झालाय, पूर्वेकडून पश्चिमेकडे, चौकात बोर्ड लागलाय" अशी नोट असेल तर तिथे न जाताही दुरुस्त करता येते. नोट सगळ्यांना दिसते, त्यामुळे कोणाचा फोन नंबर टाकू नका, आणि गुगल मॅप्सवर बघून तर काहीच लिहू नका, ती माहिती आपल्याला वापरता येत नाही.

आपत्तीच्या वेळचं मॅपिंग करायचं असेल तर टास्किंग मॅनेजर, म्हणजे काम वाटून घ्यायचं टूल, वापरा. २०१० च्या हैतीच्या भूकंपात जगभरातून लोक एकाच वेळी फोटोवरून रस्ते काढत होते, तेव्हा कोण कुठला भाग करतंय हे कळणं किती गरजेचं आहे ते दिसलं, आणि त्या अनुभवातूनच हे टूल पुढे आलं. यात भाग चौकोनांत वाटलेला असतो, तुम्ही एक चौकोन घेतलात की तो तुमच्यासाठी लॉक होतो. अर्धवट राहिला तर "उत्तरेकडच्या इमारती राहिल्यात" एवढं लिहून सोडून द्या, अडवून ठेवू नका. तपासणाऱ्याने चौकोन परत पाठवला तर त्याचा मेसेज नीट वाचा, बहुतेक वेळा एकच सवय बदलायची असते, जसं की गोल झोपडी चौकोनी काढणं.

जोसम (JOSM) हा कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचा एडिटर वापरत असाल तर कधीतरी कॉन्फ्लिक्टची खिडकी येईल, म्हणजे तुम्ही काम करत होतात तेवढ्यात दुसऱ्याने तीच वस्तू बदलली. घाईत सगळीकडे स्वतःचीच बाजू निवडू नका, आधी त्याने काय बदललंय ते बघा, कदाचित तो त्या जागी प्रत्यक्ष जाऊन आलेला असेल.

आणि हजारो वस्तू एका झटक्यात टाकायच्या किंवा बदलायच्या असतील तर आधी ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर पान करा, तिथल्या मॅपर्सना दाखवा, होकार मिळाला की मगच अपलोडचं बटण दाबा.